चार किलोचं मांजर

नाताळच्या ऑर्डरी सुरू झाल्या की आमच्या वाकोल्यात काही घरांच्या ओट्यावर चॉकलेट वितळायला लागतं. खाली पातेल्यात उकळतं पाणी, वर स्टीलच्या भांड्यात डार्क कंपाउंडचे तुकडे, बाजूला मोल्ड, चंदेरी कागद आणि कोको पावडरचं उघडं पाकीट. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या एक ताई हेच काम करतात. त्याच इमारतीत एक भाटी, म्हणजे मांजरी, राहते. तिला कुणी आणलेलं नाही, पण चार घरं जेवू घालतात.

ही भाटी जिन्यात ओकली आणि तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: चॉकलेटचा एक तुकडाही मांजराचा जीव घेतो, कुणी दिला त्यांनी पुढे यावं. नाव कुणाचंच नव्हतं, पण रोख दुसऱ्या मजल्यावर आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

तळमजल्यावर आत्या राहतात. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सगळी इमारत त्यांना आत्याच म्हणते. त्यांची सख्खी भाची परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून जनावरांची डॉक्टर झाली आहे. त्या मेसेजवरून दोघींची चांगलीच जुंपली. मी तिथे होते. तो वाद लिहून ठेवावासा वाटला, कारण एकीला माहीत आहे आणि दुसरीला नाही, असा तो नव्हता. दोघींनाही माहीत होतं, आणि तरीही पटत नव्हतं.

आत्या : एक तुकडा! कसला तुकडा? केवढा? केवढ्या मांजराला? एकक न लिहिता उत्तर लिहिलं की मी पोरांचा अर्धा मार्क कापायचे. इथे तर नुसत्या तुकड्यावरून एका बाईला आरोपी केलं.

भाची : मेसेज भडक आहे, मान्य. पण चॉकलेट मांजराला विषारी आहे हे खोटं नाही ना?

आत्या : विषारी काय नसतं? मीठही आहे. मात्रा सांग. त्यातलं थिओब्रोमिन म्हणजे कॅफीनचा सख्खा भाऊ. कॅफीनच्या रेणूवर तीन मिथाइल गट, याच्यावर दोन, एवढाच फरक. 1841 मध्ये वोस्क्रेसेन्स्की नावाच्या रशियन रसायनशास्त्रज्ञाने कोकोच्या बियांतून ते वेगळं काढलं. माणसं किती शतकं ते पितायत, खातायत.

भाची : माणसं. तिथेच गोम आहे. शरीरात अॅडेनोसिन नावाचं एक रसायन असतं, ते मेंदूला आणि हृदयाला सबुरीनं घ्यायला सांगतं. थिओब्रोमिन त्याची जागा अडवून बसतं. मग सबुरी सांगणारं कुणी उरत नाही. हृदय पळत सुटतं, स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम वाढतं, अंगाला कंप सुटतो, लघवी वाढते. मात्रा जास्त असेल तर ताप चढतो, झटके येतात आणि हृदयाची लय बिघडून जनावर जातं. माणसाच्या शरीरातून अर्धं थिओब्रोमिन साधारण सात ते दहा तासांत निघून जातं. कुत्र्याला त्यालाच सतरा-अठरा तास लागतात. म्हणून लक्षणं तीन-तीन दिवस रेंगाळतात. मांजरासाठी आम्ही बहुतेक कुत्र्याचेच आकडे हाताशी धरतो.

आत्या : मग आकडेच दे. वही आणते.

(वही खरंच आली. पाठकोऱ्या कागदांची, दोऱ्याने शिवलेली.)

भाची : किलोमागे 20 मिलिग्रॅमला सौम्य त्रास सुरू होतो. उलटी, जुलाब, अस्वस्थपणा. 40 ते 50 ला हृदयावर परिणाम. 60 च्या पुढे झटके.

आत्या : मांजर चार किलोचं धरू. म्हणजे 80 मिलिग्रॅमपासून त्रास. दुधाच्या चॉकलेटमध्ये किती असतं?

भाची : ग्रॅमला साधारण 2 मिलिग्रॅम. डार्कमध्ये 5 च्या आसपास. बिनसाखरेचं बेकिंगचं असेल तर 14-15. पांढऱ्या चॉकलेटमध्ये जवळजवळ नाहीच.

आत्या : म्हणजे दुधाचं चॉकलेट 40 ग्रॅम खाल्लं तर उलटीची सुरुवात! दुकानातली एक मधली वडी अख्खी. जी भाटी बोंबलाचं डोकंसुद्धा तीनदा हुंगून खाते, ती चॉकलेटची वडी संपवेल? आणि मुळात खाईल कशाला? तिला गोड लागतच नाही.

यावर मात्र भाचीने मान डोलावली. 2005 मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. गोड चव ओळखणारा जिभेवरचा ग्राहक दोन प्रथिनांनी मिळून बनतो. त्यातलं एक प्रथिन बनवणारं जनुक मांजरात मोडलेलं आहे, त्याचा एक तुकडाच गळालेला आहे. त्यांनी तपासलेल्या वाघात आणि चित्त्यातही तो तुकडा नव्हता. ज्या कुळाने फक्त मांस खाऊन दिवस काढले, त्याला साखर ओळखण्याची गरज उरली नाही. कुत्र्याचं तसं नाही. कुत्रा गोडाच्या वासाने खोका फोडून खातो, म्हणून चॉकलेटची विषबाधा पशुवैद्यांकडे बहुतेक कुत्र्यांच्या रूपाने येते.

आत्यांना वाटलं वाद संपला. मलाही वाटलं.

भाची : तुझा हिशेब बरोबर आहे, आत्या. पण तू गणितातलं मांजर घेतलंस. मला खरं मांजर सांगू दे. एक म्हणजे, त्याला गोड कळत नसलं तरी स्निग्ध कळतं. लोणी, साय, आइस्क्रीम, केकवरचं क्रीम यावर मांजर तुटून पडतं. चॉकलेटच्या वडीकडे ते बघणार नाही, पण क्रीम घालून केलेल्या गनाशचं भांडं चाटूनपुसून ठेवेल. दुसरं, सगळी मांजरं चार किलोची नसतात. जिन्याखालचं पिल्लू 800 ग्रॅमचं असलं तर त्याची मर्यादा 16 मिलिग्रॅमवर येते. म्हणजे दुधाचं चॉकलेट 8 ग्रॅम. डार्क तर 3 ग्रॅमच.

आत्या : पिल्लाचं मान्य.

भाची : आणि तू कोको पावडर विचारलीच नाहीस.

आत्या : किती असतं?

भाची : ग्रॅमला 25 मिलिग्रॅमच्या घरात.

आत्या काही वेळ लिहीत राहिल्या. 80 भागिले 25. तीन ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. आपल्या चहाच्या चमच्यात सपाट भरून अडीच ग्रॅम मावते. म्हणजे मोठ्या मांजरालाही सव्वा चमच्यात त्रास सुरू, आणि चार चमच्यांत झटक्यांची हद्द.

आत्या : पण कोरडी कोको पावडर कोण खाईल गं? कडू जहर असते ती. मांजराला कडू तर लागतं ना?

भाची : लागतं. मुद्दाम खाणारच नाही. पण ओट्यावर उडी मारली, पाकीट कलंडलं, पाठीवर आणि पंजांवर पावडर सांडली, तर? मांजर काय करतं?

आत्या : चाटतं.

भाची : चाटतंच. आवडो न आवडो. अंग स्वच्छ करणं हे त्याच्यासाठी खाणं नसतंच, त्यामुळे चवीने ते थांबेल याची खात्री धरता येत नाही. कुत्र्याला विष तोंडाने मिळतं, मांजराला पुष्कळदा अंगावरून मिळतं. आम्हाला एखादं मांजर तपासताना हे डोक्यात ठेवावंच लागतं. मालक म्हणतो, काही खाल्लं नाही हो त्याने. खरंच खाल्लेलं नसतं.

मला वाटतं, या सगळ्या प्रश्नाची गुरुकिल्ली इथे आहे, आणि मांजर पाळणाऱ्या घरांतही ती फार थोड्यांना ठाऊक असते. आपण मांजराच्या ताटलीकडे बघतो. त्याच्या पाठीकडे आणि पंजांकडे बघत नाही. पुढचा सगळा वाद याच वाटेने गेला आणि चॉकलेट मागेच पडलं.

आत्या : मग तुझा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. अंगावर सांडतं ते विष असेल, तर या इमारतीत रोज सकाळी काय सांडतं? फिनेल! बादलीत झाकणभर काळं फिनेल ओतायचं आणि जिना, लादी सगळं पुसायचं. त्या ओल्या लादीवरून भाटी चालते आणि मग बसून पंजे चाटते. वर्षातून दोन महिने होणाऱ्या चॉकलेटवर मेसेज, आणि रोजच्या फिनेलवर कुणी चकार शब्द काढत नाही.

भाची : हे मात्र अगदी खरं. काळ्या फिनेलमध्ये कोलटारमधले फिनॉल असतात. माणसाचं यकृत फिनॉलला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडतं आणि लघवीतून बाहेर काढतं. मांजराच्या यकृतात ही जोडणी फार दुबळी आहे, त्याचंही जनुक मोडलेलं आहे. मांस खाणाऱ्या प्राण्याच्या पोटात झाडपाल्यातली अशी रसायनं फारशी जात नाहीत, म्हणून तेही गळून गेलं असावं. पांढऱ्या फिनेलमध्ये बऱ्याचदा पाइनचं तेल असतं. ते मांजराला सोसतं असं समजू नकोस.

आत्या : थांब. फिनॉलची जोडणी होत नाही म्हणतेस. मग पॅरासिटामॉल? तोही फिनॉलच आहे. बेंझिनच्या कड्यावर एकीकडे हायड्रॉक्सिल...

भाची : तेच तर सांगत होते. क्रोसिन, डोलो, कुठल्याही नावाने घे. मांजराचं अंग गरम लागलं, जेवत नाही, म्हणून माणसं मायेने पाव गोळी दुधात कुस्करून देतात. 500 च्या गोळीचा पाव भाग म्हणजे 125 मिलिग्रॅम. चार किलोच्या मांजराला किलोमागे 31 झाले. 10 लाही विषबाधा झाल्याची नोंद आहे. रक्तातला प्राणवायू वाहणारा लाल रंग बदलून रक्त तपकिरी होतं. हिरड्या चॉकलेटी दिसायला लागतात, तोंड आणि पंजे सुजतात. लवकर आणलं तर एन-अॅसिटिलसिस्टीन देऊन वाचवता येतं. उशीर झाला तर नाही. माझ्या मनात भीतीची जी उतरंड आहे, तिच्यात पॅरासिटामॉल चॉकलेटच्या कितीतरी वर आहे.

आत्या : आणि फुलं?

भाची : लिली. गुच्छात असते ती मोठी, पांढरी-गुलाबी, वासाची. तिचा पराग केसांवर झडला आणि मांजराने चाटला, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. कुत्र्याला असं होत नाही. वाढदिवसाला आलेला गुच्छ टीपॉयवर ठेवतात आणि मांजर खिडकीत बसलेलं असतं. रजनीगंधाला मात्र उगाच घाबरू नकोस, ती खरी लिली नव्हे.

कांदा-लसणाची गोष्टही निघाली. रश्श्यात कालवलेला भात घालू नये, कारण त्यातली गंधकाची संयुगं लाल पेशी फोडतात, शिजवल्याने ती जात नाहीत आणि मांजर त्याला कुत्र्याहून नाजूक असतं. बशीतल्या चहाचीही निघाली, त्यात कॅफीन असतं. पण दोघींचं एकमत झालेल्या गोष्टी लांबवण्यात अर्थ नाही. मतभेद उरला तो वेगळाच, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा.

भाची : आता तू म्हणशील की मेसेज चूक होता. मी म्हणते, तसाच राहू दे. लोकांच्या डोक्यात एकच वाक्य राहतं. चॉकलेट द्यायचं नाही, बस्स. तुझं किलोमागे 20 मिलिग्रॅम कोण लक्षात ठेवणार? आणि ही भाटी चार घरची आहे हे विसरू नकोस. पहिल्या घराने केकचं क्रीम दिलं, दुसऱ्याने आइस्क्रीमचा कप चाटायला ठेवला, तिसऱ्याने बशीत चहा ओतला. प्रत्येकाचं थोडंसंच. जे शरीरातून सावकाश जातं त्याची बेरीज होत राहते. ती बेरीज कुणाच्याच वहीत नाही. मोजमाप करायचं तर एक घर लागतं. इथे ते नाही. म्हणून सरसकट बंदी.

आत्या : बंदी घाल ना. चॉकलेट देऊ नका म्हण, मी सही करते. पण 'एक तुकडा जीव घेतो' हे वाक्य नको. का ते सांगते. उद्या कुणाचं पोरगं चुकून तुकडा टाकेल, भाटी चाटेल आणि तिला काहीही होणार नाही. मग तेच पोरगं म्हणेल, मोठी माणसं उगाच घाबरवतात. त्यानंतर तू लिलीचं खरं सांगितलंस तरी ऐकणार नाही. खोटी भीती खऱ्या भीतीची किंमत घालवते. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत पोरं सांभाळली. प्रत्येक बाटलीवर कवटी चिकटवली असती, तर सल्फ्युरिक आम्लाला कुणी भ्यालं नसतं.

भाची : पोरं तुझ्या डोळ्यांसमोर होती, आत्या. मला रात्री साडेअकराला फोन येतो. समोरचा माणूस रडत असतो, आणि मी विचारते किती खाल्लं, कधी खाल्लं, कुठलं चॉकलेट. त्याला एकही उत्तर देता येत नाही. अशा वेळी मला वाटतं, भीतीने का होईना, तो खोका कपाटात असता तर बरं झालं असतं.

आत्या : आणि मला वाटतं, भीतीमुळे तो तुला खरं सांगत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या ताईंना विचार. आज त्यांच्याकडे कोको खरंच सांडली असेल, तर त्या मेसेजनंतर कबूल करतील का?

भाची गप्प राहिली. आत्यांचं हे बोलणं मला फार मोलाचं वाटलं. विषबाधेत डॉक्टरला सगळ्यात आधी हवी असते ती माहिती, आणि दोष द्यायला टपलेल्या जिन्यात माहिती मिळत नाही. भटक्या जनावरावरून भांडणाऱ्या कुठल्याही सोसायटीत हे दिसतं: मांजर कुणाचंच नसतं आणि गुन्हेगार मात्र लगेच ठरतो.

मी भाचीला विचारलं, की समजा कोको सांडलीच आणि मांजराने चाटलीच, तर डॉक्टरकडे पोचेपर्यंत करायचं काय? तिचं उत्तर तिच्याच शब्दांत देते.

भाची : आधी मांजर टॉवेलात गुंडाळा, म्हणजे चाटणं थांबेल. ओल्या फडक्याने केस आणि पंजे पुसून घ्या. पाकीट हाताशी ठेवा, त्यावरचं कोकोचं प्रमाण आम्हाला उपयोगी पडतं. घरी ओकारी काढायचा प्रयत्न करू नका. मिठाचं पाणी पाजायची आपल्याकडे सवय आहे, त्याने रक्तातलं सोडियम चढून मांजर चॉकलेटऐवजी मिठाने मरू शकतं. हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, मांजराच्या पोटाचं अस्तर त्याने सोलवटतं. दूध पाजल्याने विष उतरत नाही. लगेच आणलंत तर आम्ही सुईने उलटी करवतो, कोळशाची पावडर देतो, सलाइन लावतो. थिओब्रोमिन मूत्राशयातून पुन्हा रक्तात शोषलं जातं, म्हणून लघवी होत राहिली पाहिजे. झटके आले तर त्यावर औषध आहे. उतारा म्हणावं असं औषध मात्र नाही. लक्षणं दिसायला सहा ते बारा तासही लागतात, तेव्हा आत्ता बरं दिसतंय म्हणून सकाळची वाट बघू नका.

आत्या : आणि रात्री न्यायचं कुठे? परळला?

भाची : परळचं बैलघोडा रुग्णालय आहेच, महालक्ष्मीला टाटांचं नवं रुग्णालय 2024 पासून सुरू झालंय, सांताक्रुझमध्ये खासगी दवाखानेही आहेत. रात्री कोण फोन उचलतं ते आजच विचारून नंबर लिहून ठेव. हायवेला लागल्यावर शोधत बसायला वेळ नसतो.

ग्रुपवर शेवटी दोघींचा मिळून एक मेसेज गेला. त्याच्या शब्दांवरून पाऊण तास घासाघीस झाली. 'विष' हा शब्द भाचीला हवा होता, तो राहिला, पण तो पॅरासिटामॉल आणि लिलीच्या पुढे. चॉकलेटपुढे 'देऊ नये' आणि कोको पावडरपुढे 'झाकून ठेवावी' असं आलं. फिनेलची लादी वाळेपर्यंत जिन्याचं दार लावावं, ही ओळ आत्यांची. काही दिलं किंवा सांडलं असेल तर न घाबरता सांगावं, कुणी रागावणार नाही, हीही त्यांचीच. दुसऱ्या मजल्यावरच्या ताई खाली आल्या. कोको सांडली नव्हती. भाटीने त्यांच्या दारात बांगड्याचं डोकं काट्यासकट खाल्लं होतं, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

भाचीने भाटीच्या हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं, छातीला नळी लावली. मग आत्यांच्या वजनकाट्यावर आधी भाटीला कडेवर घेऊन उभी राहिली, मग एकटी. फरक आला 2 किलो 800 ग्रॅम.

आत्या : चार घरी जेवते आणि एवढीच?

भाची : चार घरी दूध-पोळी जेवते. मांस पोटात जाईल तेव्हा अंग धरेल. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल मांजराला मांसातूनच मिळवावं लागतं, ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय मोठं होतं. शिवाय जंतही असतील. उद्या दवाखान्यात घेऊन ये.

आत्यांनी वही पुन्हा उघडली. चार किलोचा सगळा हिशेब एका रेघेने खोडला आणि खाली नवा मांडला. 2.8 गुणिले 20, म्हणजे 56 मिलिग्रॅम. दुधाचं चॉकलेट 28 ग्रॅम, डार्क 11. कोको पावडर सव्वादोन ग्रॅम.

आत्या : चहाचा चमचासुद्धा भरत नाही गं.

भाची : ताईंना सांग, घट्ट झाकणाचा डबा घ्या म्हणावं. प्लॅस्टिकचा नको, बरणीच बरी.